पिस्तुलाचा कागद

सुभेदारांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नसे. पण वडिलांच्या पिस्तुलावर कोरलेला नंबर ते झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगत. ते स्वतः कधी सैन्यात नव्हते. एका कापडाच्या गोदामात कारकून होते. पण त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते आणि येताना ते पिस्तूल घेऊन आले होते, एवढ्यावर नवघरच्या आमच्या बिल्डिंगने त्यांना सुभेदार करून टाकलं होतं.

वडील गेल्यावर परवाना आपल्या नावावर करून घ्यायला त्यांनी ठाण्याला दोन वर्षं खेटे घातले. घरात गोळी एकही नव्हती. दसऱ्याला मात्र ते पिस्तूल पाटावर यायचं, त्यावर झेंडूचं फूल ठेवलं जायचं आणि आम्हा शेजाऱ्यांना गोष्ट ऐकावी लागायची. डोंगरावरच्या लढाईत शत्रूच्या अधिकाऱ्याने शरण येताना ते म्हणे वडिलांच्या स्वाधीन केलं होतं. काकू आतून ओरडायच्या, "अहो, त्यांना आधी सोनं तरी द्या!"

नव्वद सालच्या सुमारास त्याच काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना मुंबईच्या इस्पितळात मशीनवर न्यावं लागे. बांगड्या गेल्या, फंडातले पैसे गेले. मूलबाळ नव्हतं. उरलं होतं ते पिस्तूल.

मी तेव्हा घरीच टाइपरायटर ठेवून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. एका संध्याकाळी सुभेदार दारात येऊन उभे राहिले. फोर्टातल्या शस्त्रांच्या दुकानात जाऊन आले होते. दुकानदार म्हणाला होता, "काकाजी, लोहा तो सब के पास है. किसका था, किस लड़ाई का, उसका कागज लाओ. फिर दाम देखना."

"सुमन, कागद आणायचा," ते म्हणाले. "तो मिळाला तर हिच्या मशीनचा खर्च वर्षभर तरी निघेल."

मग आमची पत्रं सुरू झाली. पलटणीच्या कचेरीला, परदेशातल्या संग्रहालयांना, वकिलातीला. ते उभं राहून मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचे. पिस्तुलावर पातळ कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून उमटवलेला नंबर प्रत्येक पत्राला जोडायचा. "'तातडीचे' हे लाल रिबनने मार. आणि खाली रेघ." दर शनिवारी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत ते वाचनालयात युद्धावरची जाड पुस्तकं उलटत बसायचे. इंग्रजी बेताचं, म्हणून पानंच्या पानं उतरवून माझ्याकडे आणायचे. त्यांत वडिलांचं नाव कुठेच नसायचं. पोस्टमन त्यांना लांबून पाहिलं की नकारार्थी हात हलवायचा. इकडे काकूंच्या चेहऱ्यावर सूज चढत होती.

आठ महिन्यांनी पलटणीचं उत्तर आलं. ते फोडून मी वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"सांग ना."

"काका, ते कुक होते. सगळं युद्धभर. पिस्तुलाबद्दल त्यांच्याकडे काही नोंद नाही."

"लंगरी," ते स्वतःशीच म्हणाले आणि खुर्चीत बसले. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच बसले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. "वडिलांच्या नावाने एक कागद कर. जुनी तारीख घाल. लढाईत मिळालं म्हणून." पहिलं वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडलं. "तूच लिही. मी गॅलरीत थांबतो." मी लिहिलं. खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि काकूंच्या कण्हण्याचा आवाज भिंतीतून ऐकू येत होता. त्यांनी खाली वडिलांची सही केली.

दुकानदाराने कागद पाहिला, खूश झाला. सहज म्हणून त्याने विचारलं, "साइन पिताजी का ही है ना?"

"मी म्हटलं, नाही, मी केली," सुभेदार मला सांगत होते.

"का हो, काका?"

"काय माहीत. तोंडातून निघून गेलं."

पिस्तूल लोखंडाच्या भावाने गेलं. त्यात महिनाभर मशीन झालं. काकू त्याच्या पुढच्या महिन्यात गेल्या.

तेराव्यानंतर सुभेदार पुन्हा आले. आणखी एक पत्र टाइप करून हवं होतं. "लिही, माहिती कळवल्याबद्दल आभार. आणि विचार, माझे वडील रोज किती माणसांचा स्वयंपाक करायचे?" मी वर पाहिलं. "आमची आई लवकर गेली. मग तेच रांधायचे. खाणारे आम्ही तिघं आणि भात डेगभर. आम्ही त्यांच्याशी भांडायचो. ते म्हणायचे, हाताला कमीची सवयच नाही रे." काकूंच्या वेळी न रडलेले सुभेदार हे सांगताना रडले.

पुढच्याच महिन्यात खोली विकून ते रत्नागिरीला बहिणीकडे राहायला गेले. "उत्तर आलं तर आकडा तेवढा कळव," असं बजावून गेले.

उत्तर आलं नाही. वर्षभर वाट पाहून मी काशीमीऱ्याला एका गोदामावर वॉचमन असलेल्या म्हाताऱ्या फौजीला गाठलं आणि पलटणीच्या एका लंगरात किती माणसं जेवायची ते विचारलं. तो म्हणाला, "सौ-सवा सौ तो होते ही थे, बेटी." कुणाला विचारलं तेही लिहून मी ते कार्डाने कळवलं.

उलट टपाली सुभेदारांचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं: 'सव्वाशे माणसं म्हणजे लहान काम नव्हे. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांग.'

मी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं.