आरूचा एकेरी पट

पहिलं पोरगं उताणं पडलं तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. दुसरं पडलं पाच वाजून नऊला. तिसरं स्वतःहून आईकडे पळालं.

मॅटच्या मधोमध चार वर्षांची आरू उभी होती. तिनं मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला आणि पुढचा कोण म्हणून माझ्याकडे पाहिलं. सांगलीत जिम्नॅस्टिक्स शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत काय करावं हे मला सुचलं नाही असं फारच कमी वेळा झालंय. त्या दिवशी झालं.

ही आमची नवी प्री-स्कूल बॅच. आमच्याकडे मुलं येतात ती बहुतेक नवव्या-दहाव्या वर्षी. तोवर घरच्यांनी 'पडशील, पडशील' म्हणून त्यांना पार भित्रं करून ठेवलेलं असतं. ती भीती काढण्यातच माझी दोन वर्षं जातात. म्हणून मला चिमुरडी पोरं हवी होती आणि त्यासाठी मी वर्षभर हॉल चालवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरींचं, म्हणजे चौगुलेसाहेबांचं डोकं खात होते. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मॅडम, पाच ते सहाचा स्लॉट बॅडमिंटनवाल्यांना पाहिजे आहे. पहिल्या दिवशी सहा वाजता मी हॉलमध्ये येणार. आठ पोरं दिसली तर स्लॉट तुमचा. सात दिसली तर त्यांचा."

"आठच का?"

"कुठंतरी रेघ ओढायला नको का?"

सात नावं सांगलीतच मिळाली. आठवं, आरूचं, तासगावकडून आलं. ते घेऊन आले तिचे आजोबा शामराव. द्राक्षबागायतदार, आणि एकेकाळचे पैलवान, पण हे मला नंतर कळलं. आठवड्यापूर्वी ते हॉल बघून गेले होते. त्या वेळी माझ्या मोठ्या मुली जाड मॅटवर कोलांट्या मारत होत्या, ब्रिज करत होत्या. ब्रिज म्हणजे पाठीची कमान करून हातापायांवर उभं राहायचं. पैलवानही हेच करतात, फक्त हाताऐवजी डोकं टेकवून. शामराव खूश झाले. "लय झ्याक तयारी घेता, बाई," म्हणाले आणि फॉर्म भरून गेले. मी स्तुती खिशात घातली. त्यांना नेमकं काय झ्याक वाटलं, हे काही विचारलं नाही.

घरी जाऊन त्यांनी बेदाण्याच्या शेडमध्ये जाजम अंथरलं आणि आठ दिवस नातीची तयारी घेतली.

पहिल्या दिवशी आरू आली, वाकली, मॅटला हात लावून कपाळाला लावला. मी पालकांना म्हणाले, "बघा, किती छान वळण आहे." पुढची चूकही माझीच. मुलांची ओळख व्हावी म्हणून मी म्हणाले, "चला, शेजाऱ्याशी हात मिळवा."

कुस्तीची सुरुवात अशीच होते, सलामी देऊन. शेजारी होता अद्वैत. त्यानं बिचाऱ्यानं हसत हात पुढे केला. आरूनं तो धरला, खाली बसली, त्याचा एक पाय उचलला आणि त्याला अलगद पाठीवर ठेवला. याला एकेरी पट म्हणतात. अगदी नमुनेदार होता.

"व्वा गं माझी वाघीण!" बाकावरून शामरावांचा आवाज आला.

मी तिथूनच ओरडले, "अहो आबा, ही कुस्ती नाही! जिम्नॅस्टिक्स आहे!"

"मंग ही गादी कशापायी हातरलीया?"

"पडल्यावर लागू नये म्हणून!"

"आमची बी त्येच्यासाठीच अस्ती की."

एवढ्यात आरूनं दुसरा पाडला होता. अद्वैतची आई उठली. ती दातांची डॉक्टर. "मॅडम, ही मुलगी राहणार असेल तर आम्ही निघतो."

म्हणजे अद्वैत गेला तर सात. आरूला घालवलं तर सात. हॉलच्या दारात बॅडमिंटनवाले रॅकेट घेऊन उभेच होते.

तोवर शामराव चपला काढून मॅटवर आले होते. अद्वैत भोकाड पसरून बसला होता. त्याच्यासमोर ते उकिडवे बसले, खिशात हात घातला आणि त्याच्या तळहातावर चार बेदाणे ठेवले. "हरल्याला मोकळ्या हातानं धाडायचं न्हाई, बाई. न्हाईतर पोरगं उद्या येतच न्हाई."

अद्वैतनं एक खाल्ला. रडणं थांबलं. उरलेले तीन खाल्ले. मग उठला, आरूसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "परत पाड."

"अद्वैत!" आई म्हणाली. "आणि आजोबा, ते दातांना चिकटतात हो."

पण बातमी फुटली होती. आईकडे पळालेलं पोरगं परत आलं. बॅचमधल्या दोघी बहिणी न सांगताच मॅटवर आडव्या होऊन तोंड उघडून वाट बघू लागल्या. आरू मात्र नियमाची पक्की. ती अद्वैतला दटावत होती, "पयलं हनुवटी आत घे. न्हाईतर आबा वरडत्यात."

आणि तो घेत होता.

मी बघतच राहिले. आमच्यात पहिला धडा उडीचा नसतो, पडण्याचा असतो. मागे पडताना हनुवटी छातीला लावली की डोकं आपटत नाही. एवढी एक गोष्ट शिकवायला मला महिना लागतो. इथं एक पोरगी ती बेदाण्यांवर शिकवत होती.

मी लगेच सूत्रं हातात घेतली. कुणी कुणाला पाडायचं नाही. उकिडवं बसायचं, हनुवटी आत, मागे पडायचं. नीट पडला त्याला एक बेदाणा, तोही उठून बसून खायचा. शामरावांना मी मॅटच्या कडेला बसवलं आणि वाटप त्यांच्याकडे दिलं. ते पंचासारखे कडक निघाले. हनुवटी बाहेर राहिली की बेदाणा नाही. डॉक्टरबाईंनाही त्यांनी ऐकवलं, "आवं ताई, मदी बोलू नगा."

बरोबर सहाला चौगुलेसाहेब आले. मॅटवर सगळी पोरं उताणी.

"मॅडम, ही झोपलीत का?"

"पडायला शिकतायत."

"याच्यासाठी स्लॉट पाहिजे होता?"

"मोजा तुम्ही, साहेब."

त्यांनी बोट दाखवून मोजली. आठ. अद्वैतची आई पर्स खांद्याला लावून दारात उभी होती, पण अद्वैत काही उठत नव्हता. त्याची दोन पडणी राहिली होती. मला इतका आनंद झाला की मी आरूला उचलूनच घेतलं.

"बाई, मी जिकले न्हवं?" तिनं कानात विचारलं.

"इथं कुणी जिंकत नाही, हरत नाही."

तिचा चेहरा पडला. "मंग उद्या कशाला येयाचं?"

आबांनी तिच्या हातावर बेदाणा ठेवला आणि विषय मिटला.

ती बॅच टिकली. अजून स्पर्धेत ती मुलं हात वर करून सलाम करायच्या ऐवजी मांडीवर थाप मारतात आणि परीक्षक माझ्याकडे बघतात. डॉक्टरबाईंच्या हुकमानं बेदाण्यांच्या जागी डाळिंबाचे दाणे आलेत. ॲडमिशन फॉर्मवर मी एक रकाना वाढवलाय: घरात कुणी पैलवान आहे का?

चौगुलेसाहेबांना वाटतं, तो सावधगिरी म्हणून आहे. 'हो' लिहिलेले फॉर्म मी आधी घेते.