खाली जाणारी सीट

आमच्या ह्यांच्या कामाला नाव ठेवायची नायगावच्या बीडीडी चाळीत कुणाची टाप नव्हती. आनंदा परब, बसच्या डेपोत चौतीस वर्षं फिटर. चाळीत कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाचा पंखा कुरकुरला, की वस्तू आमच्या दारात. दुकानात न्यायची पद्धतच नव्हती. हे दुरुस्त करून द्यायचे आणि वर झापायचे, "वस्तू अशी वापरतत?" रिटायर झाले तरी पान्यांची पेटी पलंगाखालून हलली नाही. माझ्या डब्यांना घरात जागा नाही, पेटीला मात्र होती. त्यावरून आमची रोज वाजायची.

गेल्या गणपतीनंतर मला पहिल्यांदा जाणवलं. हे कोथिंबीर घेऊन आले, पिशवी ठेवली आणि पुन्हा चपला घातल्या. "कुठे?" म्हटलं, तर म्हणे, "कोथिंबीर आणूक." मी हसले. मग एकदा म्हणाले, विकासला फोन लाव. विकास म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा नाही हसले.

पण कुणाला सांगितलंही नाही. कौसल्याला खोटं बोलता येत नाही म्हणतात सगळे. पाच महिने बोलले मी. ह्यांना झोप कमी, ह्यांचा चष्मा बदलायला झालाय, ह्यांना ऐकूच कमी येतं. श्रेयालाही तेच. श्रेया आमची एकुलती एक. लोअर परळला ऑफिसात असते आणि रविवार आला की माउंटन बाइक घेऊन कर्जतच्या डोंगरात. मी ओरडायचे, हे कौतुक करायचे.

जानेवारीत तिने त्या सायकलसाठी ड्रॉपर आणला. ड्रॉपर म्हणजे सीटखालचा दांडाच, पण वरखाली होणारा. हँडलच्या डाव्या मुठीजवळ छोटी कळ असते. ती दाबून बसलं की सीट वीतभर खाली जाते, उठून दाबली की आपली आपण वर येते. मी म्हटलं, हा काय चाळा? तर म्हणाली, "आई, चढाला सीट उंच लागते. उतारावर तीच आडवी येते, अंग मागे नेता येत नाही आणि माणूस हँडलवरून सरळ तोंडावर पडतो." फेब्रुवारीत तिची पहिली रेस होती, डोंगरातली.

ती दादरला दुकानात बसवून घेणार होती. मीच म्हटलं, "बाबांना बसवू दे." का म्हटलं, ते तिला कळलं नाही. मला बघायचं होतं. जन्मात न पाहिलेली वस्तू ह्यांनी नीट बसवली, तर माझी भीती खोटी. नाही जमलं तर काय, त्याचा मी विचारच केला नाही.

रविवारी सकाळी गॅलरीत काम निघालं. श्रेया मोबाइलवरून वाचून दाखवत होती, हे ऐकत नव्हते. जुना दांडा काढला, नवा मापून घेतला, सगळं ठीक. मग ती तार. कळेपासून दांड्यापर्यंतची तार सायकलच्या पोकळ नळीतून न्यायची असते. पेडलजवळच्या वळणावर ती अडकली. तीनदा अडकली. श्रेया म्हणाली, "राहू दे बाबा, देऊ दुकानात."

हे आत गेले आणि पेटीतून मासे पकडायची तंगूस, नायलॉनची बारीक दोरी, घेऊन आले. टोकाला बारीक शिसं बांधलं, सीटच्या भोकातून ती आत सोडली, सायकल इकडे कलती कर, तिकडे कलती कर, असं करत पुढच्या भोकातून बाहेर काढली. तिला तार बांधली आणि ओढली. आली की सुळकन! श्रेया म्हणाली, "दांडा धरणारा क्लॅम्प जास्त आवळू नको हं, दांडा आत जाम होतो." "माका शिकवतंस?" म्हणत ह्यांनी डोळे मिटून पाना फिरवला आणि बरोबर जागी थांबवला.

मग खाली जाऊन श्रेयाने दोन चाळींमधल्या पायऱ्यांवरून सायकल उतरवून दाखवली. कळ दाबली, सीट खाली, अंग मागे, खडखडखड खाली. पुन्हा कळ दाबली, सीट वर. हे लहान पोरासारखे वीस वेळा ती कळ दाबत बसले. मी संध्याकाळी मारुतीला नारळ फोडला. दवाखान्याच्या पाटीवरून डोक्याच्या डॉक्टरांचा नंबर गुपचूप उतरवून आणला होता, तो कागद घरी येऊन फाडला. मूर्ख बाई मी. दुसरं काय म्हणू?

तीन आठवडे गेले. रेसच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, श्रेया अंगावर लावायचा रेसचा नंबर आणायला गेली होती. मी नळावर भांडी घासत होते. गॅलरीतून हातड्रिलचा आवाज येत होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी काम आणलंय ह्यांच्याकडे.

श्रेया आणि मी एकदमच दाराशी आलो. ह्यांचा चेहरा फुलला होता.

"ये बाय, बघ. तुझी सीट खाली जाय होती. वर बसला काय ती खाली. तशीच डोंगरात गेली असतस तर? डेपोत डायव्हरची सीट अशी बसूक लागली काय, आम्ही ह्याच करू. दोन्ही पायपांक आरपार भोक, आणि बोल्ट. आता हत्ती बसलो तरी हलाची नाय."

दांड्याच्या आरपार बोल्ट होता. दोन्हीकडे वॉशर, वर दुहेरी नट. काम बघाल तर एक नंबर. खाली पसरलेल्या पेपरवर धातूचा किस पडला होता आणि दांड्यातून त्यावर तेल ठिबकत होतं.

श्रेयाने कळ दाबली. पुन्हा दाबली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता ही फुटणार. तिचा राग मला माहीत आहे, माझाच आहे तो.

"कोणी बसवल्यान गो ही?" ह्यांनी विचारलं.

"काय बाबा?"

"ही सीट. ज्याने बसवल्यान, तेका इतक्या कळूक नको?"

थट्टा करतायत असं मला एक क्षण वाटलं. वाटावं असं फार वाटलं. पण हे खरंच विचारत होते. श्रेया ह्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. हळूच म्हणाली, "आई, कधीपासून?"

"गणपतीपासून," मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तयार होते. पाच महिने नवऱ्याला डॉक्टरकडे न नेणाऱ्या बाईला कुणीतरी ओरडायलाच हवं होतं. ती ह्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. हातातला रेसचा नंबर घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"उद्या बिनघोर जा," हे म्हणाले.

"हो बाबा. छान घट्ट झालीय."

हे खूश झाले. सायकलवरून हात फिरवता फिरवता तारेपाशी थांबले. ती कुठून आत जाते, कुठून बाहेर येते, बोटाने बघितलं. कुणाचं काम ह्यांना सहसा आवडत नाही.

"तार मात्र बरी घातल्यान हा," म्हणाले. "हात साफ आसा मेल्याचो. तेका माझ्याकडे धाड, बाय. बाकीचा मी शिकयतंय तेका."

"धाडते," श्रेया म्हणाली.

आता त्याला मी कुठून आणू?