गच्चीवरचं राखीव दल

फौजींच्या बायकांकडे किस्से फार साठतात. कारण ते ज्याला सांगायचे तो माणूस फोनवर असतो, आणि फोन नेमका किश्श्याच्या शेवटाला कटतो! मग उरलेला किस्सा गच्चीवर जातो.

कोल्हापुरात एकाच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या आम्ही चौघी. अक्का गडहिंग्लजकडची, सगळ्यांत मोठी. शोभा मलकापूरची. रेश्मा आजऱ्याची, लग्नाला वर्षही झालं नाही, इथे बी.एड. करते. आणि मी मंगल, बिद्रीची, पोरांच्या शाळेसाठी इथे आलेली. खोल्यांत रेंज नाही, म्हणून संध्याकाळी चौघी फोन घेऊन गच्चीवर. व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव अक्कानेच ठेवलं, 'राखीव दल'. म्हणाली, "ते तिकडं ड्युटीवर, आपुन हितं राखीव!"

गेल्या महिन्यात आमचे हे पेन्शन घेऊन कायमचे घरी आले. जो तो म्हणतो, "मंगल, सुटलीस बाई!" मी हसते. खरं सांगू? मला भीती वाटते. अठरा वर्षांच्या संसारात सलग दोन महिन्यांच्या वर आम्ही एका घरात राहिलो नाही. ह्या माणसाशी समोरासमोर बोलायचं काय, तेच मला कळत नाही. त्याचं शेवटी सांगते. आधी बाकीचं.

*

अक्का मला भेटली मिलिटरी कँटीनच्या रांगेत. सकाळीच ह्यांना स्टेशनवर सोडलं होतं. रिकाम्या खोलीत परत जाववेना, म्हणून सरळ कँटीन गाठलं. रांगेत उभी राहिले आणि डोळे भरून आले. पदर तोंडाला लावला, तर मागून खणखणीत आवाज आला.

"सुट्टी संपली व्हय?"

मी मान हलवली.

"मग रडा की! पर लाईन सोडू नगा, बारा वाजता बंद हुतंय!"

मी रांग न सोडता रडले. त्या दिवशी साबण, चहापावडर आणि अक्का, तिन्ही घेऊन घरी आले.

*

शोभा दाराबाहेर नवऱ्याचे जुने बूट ठेवते. घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं म्हणून. सिलिंडरवाला आला की विचारायचा, "मालक हायत काय?" ही आतून ओरडायची, "आंघोळीला गेल्यात!" पुढच्या खेपेलाही आंघोळ, त्याच्या पुढच्या खेपेलाही आंघोळ. चौथ्यांदा सिलिंडर उंबऱ्याशी टेकवून तो म्हणाला,

"वैनी, मालक लई न्हात्यात वो!"

आम्ही गच्चीवर पोट धरून हसलो. तेव्हापासून तिचे मालक तालमीत जातात.

पण एका रविवारी बघितलं, तर शोभा त्या बुटांना पॉलिश करत बसलेली. मी म्हटलं, "अगं, दाखवायच्या बुटांना पॉलिश कशाला?"

"धूळ बसली तर कळंल की," ती म्हणाली, "कुणी घालत न्हाय ते."

मी तिच्या शेजारी बसले आणि दुसरा बूट घेतला.

*

नळदुरुस्ती मी व्हिडिओ कॉलवर शिकले, म्हणजे शिकायला निघाले. बाथरूमचा नळ गळत होता. गच्चीवरून ह्यांना विचारलं. हे तिकडून, कानटोपी घालून, मोठ्या तळमळीने सांगत होते, "खालची चावी हाय न्हवं, ती अशी फिरवायची..." आणि हात वर केला तेवढ्यात चित्र थिजलं!

परत काही फोन लागला नाही. आम्ही चौघी त्या थिजलेल्या हाताकडे बघत बसलो. तो डावीकडे निघाला होता की उजवीकडे? शेवटी अक्काने चष्मा पुसला आणि फोन डोळ्यांपाशी नेला.

"ह्यो हात जातोय का येतोय?"

मतदान घेतलं. जातोय असं ठरलं. येत होता! घरमालक जिन्यातून लुंगी सावरत वर आले तोवर मी नखशिखान्त भिजले होते.

त्या चित्राचा फोटो मी तेव्हाच काढून ठेवला, अजून आहे. हे इतका वेळ माझ्यासमोर कधी थांबलेच नव्हते.

*

आमच्यात कुणी कुणाला 'फोन आला का' असं विचारत नाही. ज्याचं त्याला कळतं. एकदा सकाळी अक्का वाटी घेऊन दारात आली, "मंगल, विरजण दे जरा." दिलं. दुसऱ्या दिवशी परत विरजण. तिसऱ्या दिवशीही. बसायची, टीव्ही लावू द्यायची नाही, अर्ध्या तासाने उठून जायची. मी शोभाला म्हटलं, "अक्का रोज माझ्याकडनं विरजण नेते."

शोभा म्हणाली, "दुपारी माझ्याकडनं नेती!"

मग उजेड पडला. पाचव्या दिवशी आम्ही तिघी न बोलावता तिच्या घरी जाऊन बसलो. ओट्यावर पातेल्यांची रांग, सगळ्यांत दही. दुपारी दारावरून पोस्टमन गेला तरी अक्का दचकली.

संध्याकाळी गच्चीवर तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, नुसती "हं, हं" करत. फोन ठेवला, खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि आमच्यावर ओरडली,

"आता एवढं दही खायाचं कुणी?"

*

रेश्माच्या नवऱ्याची लग्नानंतरची ही पहिलीच सुट्टी. पोरीने दोन दिवस राबून मटण, तांबडा-पांढरा रस्सा, आजऱ्याहून आणलेल्या काजूची उसळ, सगळं केलं. आणि सकाळी मेसेज आला, सुट्टी रद्द. तिने दार लावून घेतलं.

आमच्यात रद्द सुट्टीला कुणी सांत्वन करत नाही. अक्काने दार बडवलं, "उघड गं, भूक लागलीया!" आम्ही ताटं मांडली, ती वाढत राहिली, डोळ्यांत एक थेंब नाही. अक्काने पांढऱ्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी हाय."

रेश्माने तिच्या ताटात भात वाढला.

"मटणात बी कमीच हाय. सासूनं शिकवलं न्हाय व्हय?"

"बरोबर हाय मीठ!" रेश्मा किंचाळली. "दोनदा चाखलंय मी! त्यास्नी आवडतं तेवढंच घातलंय!" आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. अक्काने तिला जवळ घेतलं, ताटं गार झाली तरी सोडलं नाही.

जिना उतरताना अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "मीठ बरोबरच हुतं गं."

*

आता आमचं.

हे आले तेव्हा राखीव दलाने ओवाळलं, पेढे भरवले. अक्का ह्यांना म्हणाली, "पावणं, आता हिला गच्चीवर सोडू नगा!" सगळ्या हसल्या. मी ओवाळणीचं ताट उचलून आत गेले.

हे पहाटे उठतात, चादरीची घडी करतात, दाढी करतात आणि खुर्चीत बसतात. मी चहा देते. "घ्या." "ठेव." झालं! फोनवर रोज विचारायचे, "जेवलीस काय?" आता मीच समोर बसून वाढते, ते विचारणार काय? पोरं बाहेर गेली की घरात आम्ही दोघं आणि टीव्ही. आधी एकटी होते, पण त्या एकटेपणाची सवय होती. हा नवीन एकटेपणा मला झेपेना.

तीन आठवड्यांनी गच्चीवर बोलले. अक्काकडे कशावरही तोडगा असतो, त्या दिवशी नव्हता. शोभाने हळूच विचारलं, "आमच्यात बी असंच हुईल काय गं?" अक्का उठून दोरीवरचे कपडे काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सवयीने वर गेले. शोभाचा फोन वाजला, रेश्माचा वाजला. माझा तीन आठवड्यांत वाजला नव्हता. तो वाजला. बघते तर ह्यांचं नाव.

कठड्यावरून खाली वाकले. फाटकाजवळ हे उभे होते, इमारतीकडे पाठ करून, फोन कानाला लावून. अक्काने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोघींना घेऊन पाण्याच्या टाकीपलीकडे गेली.

"हॅलो."

"हॅलो. आवाज येतोय काय?"

"येतोय की."

"जेवलीस काय?"

"न्हाय अजून. तुम्ही?"

"न्हाय."

थोडा वेळ दोघंही गप्प. पण ही गप्प बसण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. मी कठड्याला टेकून खाली बसले.

"अवो," मी विचारलं, "तिकडं थंडी हाय काय?"

"हाय जराशी," हे म्हणाले. "तुझ्याकडं?"