अक्षरं सुटी करण्याची मागणी

राहुरीत एका खताच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. दूध संकलन केंद्रांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. शेतकऱ्यानं दूध घातलं की लिटर, फॅट आणि दर छापलेली पावती बाहेर येते, एवढंच काम. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पुण्याहून जुने कॉम्प्युटर आणून विकताना, बंद पडलेले उघडून बघताना शिकलो. सौदा करायलाही तिथेच शिकलो. मी निम्म्या किमतीपासून सुरुवात करायचो. समोरचा चिडला की त्याच्यापेक्षा जास्त चिडायचो आणि उठून चालू लागायचो. दुकानाची पायरी उतरायच्या आत मागून हाक यायची.

पावतीवर नावाला जागा कमी. लांब नाव आलं की कापावं लागायचं. वेबसाइटी लिहायच्या ज्या भाषेत आमचं काम चालतं, ती अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. ‘कृष्णा’ ही आपल्या डोळ्याला दोन अक्षरं. ती काना, ऋकार सगळं वेगळं धरून सहा मोजायची आणि मध्येच कुठेतरी तोडायची. देवळालीच्या केंद्रावर एका म्हाताऱ्यानं पावती माझ्या नाकासमोर धरली.

“दूध आख्खं घातलंय न्हवं?”

“घातलंय, बाबा.”

“मंग नाव अर्धं का? फॅटमधी कापताच की. आता नाव बी कापायला लागला का?”

रांगेतले सगळे हसले. मी तणतणत ऑफिसात आलो.

तेव्हा माझ्याकडे एक तरुण प्रोग्रामर होती. नगरहून एसटीनं यायची. तिच्या वडिलांचं नगरच्या बाजारात कापडाचं दुकान, ‘एकच भाव’ अशी पाटी लावलेलं. ती शांतपणे म्हणाली, “बाहेरून जोडायचे तुकडे मिळतात, भाऊ, पण आपल्या गिऱ्हाइकांच्या स्वस्तातल्या सर्व्हरवर ते चालत नाहीत. हे मूळ भाषेतच यायला पाहिजे. आपण मागू.”

“कुणाकडं?”

“ती भाषा जगभरातली माणसं मिळून सांभाळतात. मागणी लिहायची, कोड द्यायचा. चर्चा होते, मग ते मत देतात.”

तिनं मागणी लिहिली. एकच फंक्शन: शब्द दिला की त्यातली अक्षरं जशी दिसतात तशी सुटी करून द्यायची. मराठीसाठी चालेल, तसंच तमिळसाठी, थाईसाठीही. त्या भाषेतलं अक्षरांचं काम बघणाऱ्या परदेशातल्या एका माणसाला तिनं आधी मेलवर विचारलं होतं, त्यानं उत्तरही दिलं, की कल्पना चांगली आहे, कोड पाठवा, मी बघतो. त्या दिवशी तिनं सगळ्यांना भेळ खाऊ घातली. मला म्हणाली, “हे पास झालं ना भाऊ, की लिहिणाऱ्याचं नाव लागतं. जगात कुठंही कुणाचं नाव कापायचं असलं तरी माझा कोड चालणार. अब्बांना दाखवणार आहे मी.”

मागणी आमच्या कंपनीच्या खात्यातून तिच्या नावानं जायची होती. पाठवायच्या आधी मी वाचली.

“एवढंच?”

“एवढंच हवंय आपल्याला.”

“अगं, एक मागितलं तर अर्धं मिळतं. भरपूर मागायचं. ते कापत कापत येतील, आपलं एक राहील.”

मी बसून आणखी आठ मागण्या घातल्या. नावं मराठी क्रमानं लावणं, मराठी आकडे ओळखणं, रक्कम अक्षरी लिहिणं, जे सुचेल ते.

“भाऊ, ते लोक घासाघीस नाही करत,” ती म्हणाली. “आमच्या दुकानासारखं आहे ते. लिहिलंय तेच खरं धरतात.”

“तुमच्या दुकानात म्हणून गर्दी नसते,” मी म्हणालो. मी पाठवून दिलं.

मी कमी-जास्त करून बोलणाऱ्याची वाट बघत होतो. आली ती लांबलचक उत्तरं, आणि त्यांत एकेक मागणी खरीच धरून तपासलेली. हे मूळ भाषेत कशाला, बाहेरून जोडायच्या वेगळ्या लायब्ररीत ठेवा. हे आधीपासून आहे. याचा खर्च प्रत्येक वापरणाऱ्यावर पडेल. शेवटी ‘कोड पाठवा’ म्हणणाऱ्या त्याच माणसानं विचारलं, “यातलं तुम्हाला खरोखर काय हवं आहे?”

ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “सांगू द्या मला. पहिलंच हवंय म्हणून सांगते.”

पण आपला खरा आकडा समोरच्याला कळला की सौदा संपला, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी लिहिलं, सगळंच हवं आहे. त्यावर त्यांच्यातल्या दोघांनी पुन्हा सभ्य भाषेत नकार दिला, आणि माझं डोकं फिरलं. तुमच्या भाषेवर आम्ही इथं धंदे उभे केले, आणि आमची अक्षरं तुम्हाला जड होतात? असंच असेल तर आम्ही दुसरी भाषा धरतो. लिहिलं आणि बसून राहिलो. हाक यायला हवी होती.

“तुम्हाला शुभेच्छा,” एवढंच आलं. खाली ओळ होती, मागणी बंद. वर नाव तिचं.

तिनं पुढं फक्त ते एक फंक्शन पुन्हा मांडलं. कुणी फिरकलं नाही. आधीच्या भांडणाचा दुवा कुणीतरी खाली चिकटवला होता, तेवढंच. मला आजही वाटतं, त्या लोकांनी एक फोनसुद्धा न करता, समोरासमोर न बसता माणूस कसा ते ठरवून टाकलं. आमच्याकडे भांडणानंतर चहा होतो. तिथं चहाला जागाच नव्हती.

काही महिन्यांनी तिनं पुण्याला नोकरी धरली. मी पगार वाढवून सांगितला, मग आणखी वाढवला. ती म्हणाली, “भाव करू नका, भाऊ. मी ठरवलंय.” आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली.

मागच्या वर्षी त्या भाषेची नवी आवृत्ती आली. त्यात अक्षरं सुटी करणारं फंक्शन आहे. दुसऱ्याच कुणीतरी मागितलं, लिहिलं, पास करून घेतलं. आता आमच्या पावत्यांवर नावं अख्ख्या अक्षराशी थांबतात. देवळालीचा म्हातारा आता दुसऱ्या कशावरून तरी भांडतो.

ती आवृत्ती बसवली त्याच दिवशी मी त्या परदेशी माणसाला पत्र लिहिलं. पहिल्यांदा चार-पाच गोष्टी मागायला लागलो होतो, त्या पुसल्या. एकच ठेवली: ही मागणी आधी या मुलीनं केली होती, कोडही दिला होता, कुठंतरी एका ओळीत तिचं नाव लावा. बंद पडली ती माझ्या लिहिण्यामुळे, तिच्या कोडमुळे नव्हे, हेही लिहिलं.

उत्तर लगेच आलं. त्याला ती आठवत होती. तिचा कोड चांगला होता, तेव्हा ती पहिली एकच मागणी ठेवली असती तर मी तिच्या बाजूनं मत दिलं असतं, असं त्यानं लिहिलं होतं. पण नवा कोड तो न बघता स्वतंत्रपणे लिहिलेला आहे, आणि नाव ज्यानं लिहिलं त्याचंच लागतं. हा नियम मला बदलता येणार नाही, माफ करा.

त्याचं ते उत्तर तिला पुढं पाठवावं असं रोज वाटतं. कोड चांगला होता हे तिला कळायला हवं. पण ते पाठवलं की तिला हेही कळेल, की त्या माणसाला तेव्हा एकच मागणी मान्य होती, आणि ती तिचीच होती.