धनेंद्रभाऊंकडून बक्षीस

जियालाल टेंभरे यांना गावात कुणी टेंभरे म्हणत नाही, शाहीर म्हणतात. रेशनच्या दुकानातही 'शाहीर, अंगठा लावा' असंच. गाव गोरेगाव तालुक्यातलं. नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण तसं गाव त्या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरानं पुन्हा येतं: एक तलाव, तलावाची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, आणि तलावाचं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथं ज्याच्या बांध्या असतील तो माणूस कायम चिंतेत. जियालाल त्या शेवटच्यांपैकी.

शाहीर ते खडी गंमतीचे. उभ्यानं गायचं, मागं ढोलकी, टाळ आणि तुणतुणं, शेजारी लुगड्यातला नाच्या. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. गुळाच्या जिलेबीची दुकानं लागतात, पाहुणे येतात आणि भर दुपारी चौकात गंमत उभी राहते. जियालाल अशा मंडयांतून आयुष्यभर गायले. देवाचं गायले, दारूबंदीचं गायले, शौचालयाचं गायले. शौचालयाच्या गाण्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळालं, ते घरात देवाशेजारी लटकलेलं आहे.

त्यांचे गुरू केवळराम शाहीर. त्यांनी नियम पुष्कळ घालून दिले होते. बहुतेक त्यांच्याबरोबर गेले, बक्षिसाचा तेवढा राहिला. कडवं संपलं की ढोलकी थांबते. त्या फटीत प्रेक्षकांतला कुणी उठून नोट पुढं करतो. शाहिरानं ती घ्यायची, कपाळाला लावायची, देणाऱ्याचं नाव माईकवर सांगून आभार मानायचे आणि मगच पुढचं कडवं. बक्षीस परतवायचं नाही. देणारा कोण, कसा, हे बघायचं नाही. "गाय कोनाच्या वावरात चरली ते दूध पेणारा इचारते का?" असं केवळराम म्हणत. नियमाची दुसरी बाजूही होती. नोट घेऊन वर केलेला हात नोटेसकटच खाली आला, तर देणाऱ्याची गावात नाचक्की. थोडक्यात, दोघंही एकमेकांच्या हातात. परंपरा बहुधा अशीच टिकते.

मग हायवेचं काम निघालं. हायवेला मुरूम लागतो आणि मुरूम तलावाच्या पाळीत असतो. पाळ जुनी, मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातली. ती पोखरली की तलाव भरत नाही, आणि तलाव भरला नाही की पाणी शेवटच्या बांध्यांपर्यंत जात नाही. हा हिशोब समजायला इंजिनिअर लागत नाही, म्हणून इंजिनिअरला तो समजला नाही. मुरमाचा ठेका धनेंद्र पटले यांच्याकडं. धनेंद्रभाऊ म्हणजे जिल्हा परिषदेच्या उंबरठ्यावर उभे असलेले तरुण नेतृत्व, असं त्यांच्याच फलकावर लिहिलेलं होतं. शिवाय ते जियालालची बायको फुलवंता हिचे चुलतभाऊ. दोघंही पोवार, पोवार मूळचे माळव्यातले, आणि त्यांच्यात नात्याबाहेरचा माणूस शोधायचा तर माळव्यापर्यंत मागं जावं लागेल.

तक्रारी झाल्या. साहेब आले, पाळीवर उभं राहून फोटो काढून गेले. तेव्हा जियालालनं आपल्याला येत होतं ते केलं. गाणं बांधलं.

पाळीचा मुरूम सडकेवर गेला,
तलाव बापाचा उघडा केला,
टोकाच्या बांधीत धान वाळून मेला,
सांगा गा, चोर कोन?

गाणं चांगलं होतं. चाल सोपी, पोरंही उचलतील अशी. त्याच वर्षीच्या गावच्या मंडईत ते म्हणायचं ठरलं. समोरच्या खुर्च्यांत पहिल्या ओळीत धनेंद्र बसले होते. जियालालनं पहिलं कडवं त्यांच्याकडं बघूनच म्हटलं. 'सांगा गा, चोर कोन?' ढोलकी थांबली, आणि धनेंद्र नोट घेऊन उठले.

जियालालनं नोट घेतली, कपाळाला लावली, आणि माईकवर सवयीनं निघालं, "श्रीमान धनेंद्रभाऊ पटले यांच्याकडून मंडळाले बक्षीस. मंडळ त्यायचं आभारी हाये."

चौक हसला. जियालालला क्षणभर वाटलं, आपण जिंकलो. मग दिसलं की सगळ्यांत मोठ्यानं धनेंद्रच हसताहेत. दुसऱ्या कडव्यालाही ते उठले. तिसऱ्यालाही. गाणं संपेपर्यंत शाहिरानं ज्याच्याविरुद्ध गाणं बांधलं त्याचे प्रत्येक कडव्यामागं जाहीर आभार मानले होते, आणि ढोलकीवर बसलेला भाचा टिकेश प्रत्येक वेळी इमानदारीनं थांबला होता.

"काऊन गा थांबत होता तू?" जियालालनं नंतर विचारलं.

"कडवं संपलं तं थांबलो, मामाजी. तुमीच शिकवलं."

"न थांबता वाजवता येत नव्हतं?"

"तुमी न थांबता गाऊन पाहा, मंग मी वाजवतो."

धनेंद्रच्या कार्यकर्त्या पोरांनी फोनवर काढलेली गाण्याची चित्रफीत दोन दिवसांत तालुकाभर गेली. तीत प्रश्न कापलेला होता. चाल होती, तलाव होता, बाप होता आणि आभार होते. निवडणूक जवळ आली तशी धनेंद्रची प्रचाराची गाडी तीच लावून फिरायला लागली. जियालाल बांधीत निंदण करत असताना गाडी पाळीवरून जायची आणि स्वतःचाच आवाज त्यांना सांगायचा की मंडळ धनेंद्रभाऊंचं आभारी आहे. त्याच पाळीवरून मुरमाचे ट्रकही जायचे. गाडी आणि ट्रक समोरासमोर आले तर ट्रकवाला मागं घ्यायचा. प्रचाराला मान होता.

"गानं तुमचं, गाडी त्याची," फुलवंता म्हणाली. "तुमी बांधून राहिले आन् तो वाजवून राहिला."

"तुहा भाऊच होय तो."

"माहा भाऊ तं लहानपनापासून असाच हाये. तुमीच नवीन शाहीर झाल्यावानी काऊन करता?"

जगात गाण्याला सत्ता घाबरली आहे, याचे दाखले पुष्कळ सापडतात. बाल्टिक समुद्राकाठच्या एका चिमुकल्या देशात लोक मैदानात जमून मनाई असलेली गाणी गात राहिले, आणि पुढं देश स्वतंत्र झाला. दक्षिण आफ्रिकेत अंत्ययात्रांतून अशी गाणी उठली की पोलीस प्रेतापेक्षा गाण्यावर लक्ष ठेवायचे. चिलीत लष्कर आलं तेव्हा डोंगरी लोकांचा बांबूचा पावा जवळ असणंसुद्धा संशयाचं झालं होतं, म्हणतात. हे सगळं मी एकदा गोरेगावच्या बसस्टँडवर, एसटीची वाट बघताना, जियालालना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यायचं नशीब," ते म्हणाले. "बंदी तरी भेटली."

आमच्याकडं बंदी घालण्याइतकं कुणी वेडं नाही. बंदी घातलेलं गाणं लोक गुपचूप गातात. बक्षीस दिलेलं गाणं ज्याचं बक्षीस त्याचं होतं.

जियालालनं सुटायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. पुढच्या एका मंडईत त्यांनी गाण्यात सरळ धनेंद्रचं नावच घातलं. परिणाम उलटा. जावयानं साळ्याची, म्हणजे बायकोच्या भावाची टिंगल करणं हा या भागात हक्क आहे, लग्नात तर ते कामच असतं. लोकांना वाटलं, जीजाजी साळ्याची मजा घेताहेत. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. धनेंद्र उठून "जीजाजी, अजून एक होऊ द्या," म्हणाले आणि नोट पुढं केली. शिवीसुद्धा नात्यात जमा झाली. मग जियालालनं लांबची गावं धरली, धनेंद्र जाणार नाहीत अशी. तिथं धनेंद्रची पोरं मोटारसायकलवर आधीच पोचलेली. "धनेंद्रभाऊंकडून," एवढंच म्हणायची आणि नोट धरायची.

शेवटी ते सडक अर्जुनीकडच्या बकाराम शाहिरांकडं गेले. बकाराम सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द मंडळांत चालायचा. एकदा, फक्त एकदाच, बक्षीस परतवू द्या, अशी जियालालची विनंती होती.

बकारामांनी चघळत असलेलं पान गालात सारलं. मग म्हणाले, "आज तू परतवशीन. उद्या लोक म्हनतीन, शाहीर नोटीचं तोंड पाहून घेते. मंग कोनाचाच हात खिशातून बाहेर येनार नाही. तुहा तलाव वाचन, सारी मंडळं मरतीन."

"मंग मी करू काय?"

"गानं बदल. देवाचं गा."

"देव बक्षीस देत नाही म्हनून?"

बकारामांनी पान थुंकलं आणि हो म्हणाले.

जियालाल घरी आले आणि गाणं बदललं, पण देवाचं केलं नाही. टिकेशचं उर्मट उत्तर त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. बक्षीस येतं ते कडव्यामागच्या फटीतून. फट ठेवलीच नाही तर? पावसाळाभर गुरं चारताना त्यांनी तेच गाणं नव्यानं ओवलं. कडवी नाहीत, थांबा नाही, एका ओळीची शेपूट दुसरीच्या तोंडात. श्वास घ्यायच्या जागी टाळ. टिकेशनं रोज गोठ्यात ढोलकी न थांबवण्याचा सराव केला. म्हशीनं दूध कमी दिलं, त्याचं खापर फुलवंतानं सरावावर फोडलं.

पाळीचा विषय मंडईनंतरच्या ग्रामसभेत ठरावाला येणार होता. ठराव धनेंद्रच्या बाजूचा झाला, तर राहिलेली पाळही जाणार आणि जियालालच्या बांध्या कायमच्या कोरड्या. त्याआधी गावानं हे गाणं एकदा तरी मधे आभार न येता, चोर कोन या प्रश्नासकट ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मंडईच्या दुपारी चौक भरला. धनेंद्र पहिल्या ओळीत. जियालालनं सुरू केलं. पहिल्या 'चोर कोन'वर धनेंद्र सवयीनं उठले आणि नोटेचा हात वर केला. ढोलकी थांबली नाही. जियालाल पुढं गेले. धनेंद्र हसून उभे राहिले, शाहीर दुसऱ्या ठिकाणी थांबतीलच. तिथंही थांबले नाहीत. आता धनेंद्रला बसता येईना, वर केलेला हात नोटेसकट खाली आणायचा नव्हता. आणि जियालालला थांबता येईना. थांबले की आभार.

लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. आधी पोरं हसली, मग मागच्या बाया. मग सगळा चौक गप्प झाला आणि गाणं ऐकू लागला, कारण दुसरं काही घडतच नव्हतं. एक माणूस हात वर करून उभा होता आणि दुसरा त्याला विचारत होता, चोर कोन. बांधलेलं गाणं संपलं तेव्हा जियालालनं ते पुन्हा पहिल्यापासून धरलं. मग आठवेल ते घातलं: टोकाच्या बांध्यांची नावं, बांधीवाल्यांची नावं, आटलेल्या विहिरी. त्यांची मान ताणली गेली होती, कपाळावरची शीर फुगली होती. धनेंद्रनं वर केलेला हात दुसऱ्या हातानं कोपरात धरला. नाच्यानं नाचणं सोडून दिलं होतं आणि तो नुसता बघत होता.

मग आवाज फाटला. आधी वरचा सूर गेला, मग खालचा, मग नुसती हवा. टिकेश थोडा वेळ वाजवत राहिला, पण ढोलकी काही एकटी गात नाही. थांबली.

धनेंद्रनं पुढं येऊन नोट दिली. जियालालनं ती घेतली, कपाळाला लावली. माईकजवळ आले, तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. त्यांनी गळ्याकडं बोट दाखवलं आणि मान हलवली.

चौक वाट बघत राहिला. बक्षीस घेतलं होतं आणि नाव घेतलं गेलं नव्हतं, असं त्या गावात आधी कधी झालं नव्हतं. टिकेशकडं सगळ्यांनी पाहिलं. टिकेशनं ढोलकीकडं पाहिलं. शेवटी धनेंद्रनं माईक हातात घेतला. "श्रीमान धनेंद्रभाऊ पटले यांच्याकडून मंडळाले बक्षीस," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य तोंडात आल्यावर त्यांना कळलं की ते आपलेच आभार मानायला निघाले आहेत. तरी मानले. वाक्य अर्धं सोडता येत नव्हतं. त्या वेळचं हसू कापून काढणं त्यांच्या पोरांनाही जमलं नाही.

ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि अजून तहकूबच आहे. ट्रक पाळीवरून जायचे ते आता मागच्या वाटेनं जातात. गाण्याचा एवढा परिणाम डोळ्यांनी दिसतो.

जियालालचा आवाज दोनेक आठवड्यांत परत आला, असं फुलवंता सांगते. गावात तो आलेला नाही. कारण आभार अजून व्हायचे आहेत. ज्या दिवशी शाहीर चारचौघांत धड बोलले, त्या दिवशी राहिलेलं नाव घ्यावं लागणार, नियम नियम आहे आणि मोडायची त्यांची तयारी तेव्हाही नव्हती. म्हणून ते गात नाहीत. चौकात खुणांनी बोलतात, दुकानात बोटानं दाखवतात. या वर्षीच्या मंडईला मंडळ त्यांच्याशिवाय उभं राहिलं. टिकेश बरा गातो, देवाचं गातो.

"घरात तोंड चालते यायचं," फुलवंता म्हणते. "मलेच तेवढं आयकू येते. पह्यले साऱ्या गावाले होतं, आता एकटीच्या वाट्याले आलं."

परवा चहाच्या टपरीवर जियालालना धनेंद्र भेटले. बाकावर सरकून त्यांनी जागा केली, स्वतः होऊन चहा सांगितला.

"जीजाजी, आवाज आला का?" त्यांनी विचारलं. ते प्रत्येक भेटीत विचारतात, अगदी आपुलकीनं. त्यांना घाई नाही.

जियालालनं चहा घेतला, गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

"घ्या, घ्या. गरम घ्या," धनेंद्र म्हणाले. "मोकळा होते गळा."

जियालालनं तो फुंकर मारून थंड केला आणि मग प्याला.