आप्पाचा आउट

बमरोलीच्या आमच्या डाइंग मिलमध्ये किस्से कोणी जमवत नाही. चहाचे रिकामे कप टेबलाखाली साठतात, तसे तेही साठतात. बरेचसे हसून सांगता येतात. काही सांगताना मात्र मी अजून दाराकडे बघतो!

मी टाइम ऑफिसात. म्हणजे गेटजवळच्या खोलीत. तिथे दोघंच, टाइमकीपर पाटीलभाऊ आणि मी. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, त्याची वजाबाकी करून तास काढायचे.

* * *

नवा होतो तेव्हा मोठ्या ऐटीत एक्सेलची शीट बनवली. आउट वजा इन. दिवसपाळी झकास! पण रात्रपाळीवाले संध्याकाळी आठला येतात आणि सकाळी आठला जातात. त्यांच्या तासांच्या रकान्यात नुसत्या जाळ्या, ####.

पाटीलभाऊंनी चष्मा वर केला. "रात्री काम करणारा माणूस तुझ्या कॉम्प्युटरला दिसतच नाही का रे?"

आउट इनपेक्षा लहान असेल तर एक दिवस मिळवायचा, हे मग शिकलो. सगळे दिसायला लागले.

* * *

चार नंबरच्या जेटवर, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनवर, रामदास आप्पा होते. शिंदखेड्याकडचे. एका महिन्यात त्यांनी सव्वीस रात्री भरल्या, बारा-बारा तास. मी बेरीज मारली, तर 0:00!

चोवीस तास झाले की एक्सेल पुन्हा शून्यावरून मोजतं. तीनशे बारा तास म्हणजे बरोबर तेरा दिवस, खाली उरलं शून्य. फॉरमॅट बदलला की झालं. पण आप्पा खिडकीत उभे होते, त्यांनी ते शून्य पाहिलंच.

"मंग भाऊ, महिनाभर मशीनवर कोन व्हतं?"

आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत.

* * *

मग गेटवर बोटाचं मशीन आलं. बोट जुळलं की "थँक यू" म्हणतं. आप्पांच्या बोटांवरच्या रेषा रंगाने आणि केमिकलने कधीच खाल्ल्या होत्या. रोज बोट ठेवायचे, रोज मशीन म्हणायचं, "प्लीज ट्राय अगेन."

"याले मी वळखूच येत नही," म्हणत आप्पा खिडकीत यायचे आणि मी त्यांची वेळ हाताने टाकायचो. अकरा वर्षं! एकदा तरी थँक यू म्हणेल म्हणून जाता-येता बोट ठेवायचे मात्र.

* * *

आमच्याकडे जेट सोडून जायचं नाही. बदलीवाला आला, त्याने हँडलला हात लावला, "मी उनू", म्हणजे मी आलो, असं म्हणाला, की पहिल्याने निघायचं. कुठे लिहिलेलं नाही, पण मोडत कोणी नाही.

आप्पांचा बदलीवाला सुकलाल, त्यांच्याच गावचा. एका सकाळी तो उधन्याला चहाला थांबला, गप्पांत रमला आणि नऊ वाजून गेल्यावर आला. आप्पा चार नंबरजवळ पडले होते. हात हँडलवर. डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तास झाला.

आठलाच घरी निघाले असते तर? सुकलालने हे कोणाला विचारलं नाही, पण त्याच्या तोंडावर तेवढंच होतं. त्याचं जेवण सुटलं.

* * *

माझ्या शीटमध्ये आउट रिकामा असेल तर तास आत्तापर्यंत मोजले जातात. चौथ्या दिवशी अकरा वाजता शेठचा राजकोटहून फोन. मोबाइलवर शीटमध्ये आप्पांचे तास बघत होते.

"पाटीलभाई, सत्त्याऐंशी कलाक! आ माणस हजु अंदर छे?"

माणूस अजून आत कसा, ते बघतो म्हणून पाटीलभाऊंनी फोन ठेवला. मीच आउटमध्ये साडेआठ टाकले. दुसऱ्या सकाळी रकाना रिकामा, आकडा पुढे चाललेला.

"तुम्ही खोडलंत?"

"मी नाही. पण तूही टाकू नकोस. बाहेर गेलेल्या माणसाचाच आउट टाकतात."

त्यानंतर मी त्या रकान्याला हात लावला नाही.

* * *

आप्पांच्या तेराव्यानंतर सुकलाल आला तो हिशेब मिटवायला. गावी परत जायचं ठरवून. चार नंबरवर दुसरा कोणी टिकत नव्हता; सगळे म्हणायचे, मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं.

पाटीलभाऊंनी त्याला शीट दाखवली. आकडा त्याच्या समोर एक मिनिटाने वाढला.

"बघ सुकलाल, तो थांबलाय. कोणासाठी, ते तुला माहीत आहे."

तो चार नंबरकडे एकटा जाईना, म्हणून मी बरोबर गेलो. पाटीलभाऊ गेटवरच राहिले. सकाळचे आठ वाजत होते, जेट बंद होतं. सुकलालने हँडलला हात लावला आणि लहान मुलासारखा रडला.

"आप्पा, मी उनू. उशीर व्हई गया माले. आते तू घर जाय."

बाकी काही झालं नाही. डोळे पुसून त्याने जेट चालू केलं. मी परत आलो, तर पाटीलभाऊ बोटाच्या मशीनसमोर उभे.

"आत्ता कोण बाहेर गेलं?"

"कोणी नाही. का?"

"मग हे थँक यू कोणाला म्हणालं?"

मी मशीनची यादी काढली. शेवटची ओळ: रामदास आप्पा, आउट, आठ वाजून तीन मिनिटं, बोटाने.