कानात सांगायचं नाव

"घाई करू नका. नाव एकदा पडलं की पडलं," असं म्हणत बाई चष्मा कपाळावर सारायच्या, डोळे मिटायच्या आणि अंगणात खेळणाऱ्या पोराला हाक मारावी तसं ते नाव मोठ्यानं म्हणून बघायच्या. एकदा, दोनदा, तीनदा. समोर बसलेलं गिऱ्हाईक आधी दचकायचं, मग गालात हसायचं. बाईंना त्याचं काही नसे. हाक मारून बघितल्याशिवाय त्यांनी एकही नाव पक्कं केलं नाही.

आमचा धंदा फोनचा. दुकानात, कारखान्यात टेबलावर फोन असतात, पण ते जोडणारं यंत्र तिथं नसतं. ते इंटरनेटवर, आमच्याकडे. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वेगळं डोमेन द्यावं लागतं, म्हणजे एक नाव. त्या नावावरून टेबलावरच्या फोनला कळतं, आपण कुणाचे. नाव बदललं की एकेका फोनपाशी बसून सगळं पुन्हा भरावं लागतं. हे भरण्याचं काम माझं, म्हणून बाईंच्या नावांवर माझी फार श्रद्धा. नाव देण्याचं काम बाईंचं. मालक वयानं आमच्याहून लहान होता, पण एवढी गोष्ट त्यानं शहाण्यासारखी बाईंवर सोडली होती.

पहिल्या वर्षी आम्ही दुकानाच्या पाटीवरचंच नाव द्यायचो. आता सोलापुरात पाटीवर काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. महिन्याभरात आमच्याकडे सिद्धेश्वर एक, सिद्धेश्वर दोन, सिद्धेश्वर तीन झाले. दोन नंबरचे शेठ ऑफिसात येऊन बसले. "मी दोन नंबरचा का म्हणून? माझं दुकान जुनं हाय की." तेव्हा बाईंनी नियम केले. देवाचं नाव नाही, मालकाचं नाही, आडनाव नाही. काम काय आणि जागा कुठली, एवढंच घ्यायचं. चादर आणि रस्ता. शेंगाचटणी आणि पेठ.

मालकाला वाटे, नुसते नंबर द्यावेत, कटकट नको. बाई ऐकायच्या नाहीत. त्यांचे वडील होटगीला रेल्वेत होते. "माझ्या बापानं जन्मभर डब्यांवर नंबर रंगवले. डबा कुणाचा नसतो, मालक. गिऱ्हाईक आपलं असतं," त्या म्हणायच्या. मी मान खाली घालून हसायचो.

नवीन गिऱ्हाइकाचा फोन सुरू झाला की बाई दुसऱ्या दिवशी डब्यातून हरभऱ्याच्या घुगऱ्या आणायच्या. बारशाला वाटतात ना, तशा. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायला लागलो ते तेव्हापासून. आपल्यात बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, पहिल्यांदा त्याच्या कानात सांगायचं. बाईंना ते चिडवणं आवडायचं, असं आम्हाला वाटे. आपण कुठल्या वर्मावर बोट ठेवत होतो ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

एकदा अक्कलकोट रस्त्यावरचे टॉवेलवाले दोघे भाऊ आले. थोरल्याचा हट्ट होता की दोघांच्या नावांची अक्षरं जोडून डोमेन करा. बाई म्हणाल्या, "रस्त्याचं नाव घ्या. रस्ता तिथंच राहतो. भावांचं काय सांगावं?"

थोरला तापला. "बाई, तुमाला भाऊ हाय का न्हाय?"

"हाय की," बाई म्हणाल्या. "म्हणून तर सांगते."

ते दोघे भाऊ आजही एकत्र आहेत, हे बाईंच्या नियमाविरुद्ध सांगितलं पाहिजे. पण त्या दिवशी बाईंचा डबा तसाच राहिला, आणि दुपारी कधी नव्हे ते त्या माझ्याशी आपणहून बोलल्या.

आई गेली तेव्हा भाऊ पाळण्यात होता. बाईंनीच त्याला वाढवला. त्याच्या पायी स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं, असं त्या म्हणाल्या नाहीत, मी म्हणतो. भाऊ शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिथंच एक मुलगी पसंत केली. बाई बघायला गेल्या आणि मुलीच्या आईसमोर म्हणाल्या, "ही आमच्या घरात रुळायची न्हाय." लग्नाला गेल्या नाहीत. भावानं फोन करणं सोडलं. "मी बोलले. बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं," बाई म्हणाल्या आणि खुर्ची वळवून कामाला लागल्या.

मग मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. रविवारीही ऑफिसात यायच्या, "घरी भिंतींशी काय बोलू?" म्हणून. भाऊबीजेला ऑफिसात कुणालातरी थांबावं लागे, तर दरवर्षी त्याच थांबायच्या. "तुमी जावा. तुमच्या बहिणी वाट बघत असतील." दिवसभर दुसऱ्यांचे फोन वाजते ठेवणाऱ्या त्या बाईंचा स्वतःचा मोबाईल मी क्वचितच वाजलेला ऐकला. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी चेष्टा करतो. तेवढीच मला येते.

होटगीच्या एका जुन्या शेजारणीकडून त्यांना बातमी कळली की भावजयीला दिवस गेलेत. त्यानंतर बाई काम करता करता माणसांची नावं पुटपुटायला लागल्या. डोळे मिटून, चष्मा कपाळावर. मी विचारलं, "हे कुठलं गिऱ्हाईक?"

"हाय एक. यायचंय अजून."

मुलगी झाली असं कळलं त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. दुपारच्या सुट्टीत हिरव्या खणाची कुंची शिवायला घेतली. "बारशाला तरी बोलावणार की. आत्या एकच हाय तिला," त्या मला सांगायच्या, आणि मी "बोलावणारच" म्हणायचो. मग एके दिवशी पुटपुटणं थांबलं.

"ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं."

"सांगा की."

"तसं सांगायचं नसतं. आधी तिच्या कानात, मग जगाच्या."

फोन आला तो ऑफिसच्या नंबरावर. मीच उचलला. "ताई आहे का?" एवढंच तो म्हणाला, पण 'ताई' म्हटल्यावरून मी ओळखलं. बाई उभ्या राहून बोलल्या. "बरा हायस का... कसं हाय बाळ..." मग बराच वेळ नुसतंच ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तिला माझ्या मांडीवर दे, मग सांगते," आणि फोन ठेवला.

रविवारी बारसं होतं. त्याच्या सासूबाई म्हणाल्या होत्या की नाव आत्यानंच ठेवायला हवं, म्हणून त्यानं फोन केला होता. पण बायकोच्या मनातला सल गेला नव्हता. इतक्यात येऊ नकोस, असं तो म्हणाला. तू फोनवर नाव सांग, आम्ही फोन बाळाच्या कानाला लावतो.

मालक भला माणूस, त्याला वाटलं आपण वाट काढावी. "अहो बाई, काय हरकत आहे? आपला धंदाच फोनचा. व्हिडिओ लावून देतो."

"धंदा फोनचा हाय, मालक," बाई म्हणाल्या. "आत्या फोनची न्हाय."

रविवारी मीही ऑफिसात गेलो. काम नव्हतं. बाईंनी मोबाईल टेबलावर पुढ्यात ठेवला होता. दुपारी तो वाजला. त्यांनी बघितलं आणि हात मांडीवर घट्ट धरून बसल्या. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला.

"उचला की, बाई," मी म्हणालो. मला राहवलं नाही. "लेकरू थांबलंय."

"मला बोलावलं असतं तर मी काल रात्रीच्याच गाडीनं गेले असते," त्या म्हणाल्या. फोन थांबला. तिसऱ्यांदा वाजला नाही. बाई उठून तोंड धुवून आल्या, आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

त्यानंतर नवीन गिऱ्हाईक आलं की त्या पाटीवरचं नाव विचारायच्या आणि म्हणायच्या, "द्या काय ते." हाक मारून बघणं संपलं. पुढे मालकानं नंबरांचा विषय भीतभीतच पुन्हा काढला, तेव्हा त्या "चालंल की" म्हणाल्या. त्या एका शब्दानं मला जितकं रडू आलं तितकं त्या गेल्या तेव्हाही आलं नाही.

बारशानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी हाका मारल्या. झोपेतच गेल्या होत्या. भाऊ आला, सगळं रीतसर केलं, आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

परवा तो ऑफिसात आला. सोबत मुलगी होती, शाळेत जाणारी. ती बाईंच्या खुर्चीत बसून गोल फिरायला लागली. तो उभाच राहिला. म्हणाला, "ताईनं हिच्यासाठी एक नाव ठरवलं होतं. तुम्हाला कुणाला बोलली होती का?"

मालकानं माझ्याकडे बघितलं. शेकडो नावं ठेवली होती बाईंनी, पण माणसाचं एकही नव्हतं. पुटपुटलेली दोन-चार मला आठवत होती. त्यातलं एखादं सांगून टाकावं असं मनात येऊन गेलं, बिचाऱ्याच्या जिवाला बरं वाटलं असतं. पण बाईंच्या जागी बसून नाव ठेवायची माझी छाती झाली नाही.

"नाही बोलल्या," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "शाळेतलं नाव मावशीनं ठेवलं. पाळण्यातलं कुणी ठेवलंच नाही. हिची आई म्हणाली, राहू द्या, ताई येतील तेव्हा सांगतील." फिरती खुर्ची हातानं धरून तो म्हणाला, "बोलवायचं राहून गेलं."

मग त्यानं मुलीला खुर्चीतून उतरवलं. जिना आमचा अरुंद आहे. खाली जाताना, "बाळ, हळू... बाळ, हळू," असं तो तिला म्हणत होता.